वसंतात उजनीच्या काठी : पक्षी बघायला आणि टिपायला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आलं की डाव्या हाताला उजनीचं पाणी लागतं. भीमेवरच्या धरणाचा हा फुगवटा, सरकारी नाव यशवंतसागर. डिसेंबर-जानेवारीत इथे गर्दी उसळते, पण फाल्गुन-चैत्रात पाणी वेगळं होतं, पक्षीही वेगळे वागतात. त्या दिवसांत जाणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

वसंतात म्हणजे नेमकं कधी जावं?

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. या दोन महिन्यांत दर आठवड्याला चित्र बदलतं. फेब्रुवारीत थंडीचे पाहुणे अजून असतात: पट्टकादंब (रानहंस) आणि चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही बदकं. मार्च सरता सरता यातले बहुतेक उत्तरेकडे निघून जातात. भिवई बदकांचे थवे परतीच्या वाटेवर त्यानंतरही दिसतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र याच काळात वाढत जातात, कारण पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडतो.

एकदाच जायचं असेल तर मी मार्चचा पहिला आठवडा निवडेन. बदकं पुरती गेलेली नसतात, रोहित आलेले असतात आणि पहाट अजून सुसह्य असते. एप्रिलमध्ये जाणाऱ्यानं सकाळी नऊनंतर काही मिळेल अशी आशा धरू नये.

तारखेपेक्षा पाण्याची पातळी बघा असं म्हणतात. ती कशी बघायची?

बरोबर म्हणतात. लेन्स कोणती घ्यावी हे विचारण्याआधी उजनीत पाणी किती आहे ते विचारा.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून अधिक, साधारण ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळचं पाणी. वर्तमानपत्रात छापून येणारी टक्केवारी मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची असते. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते आणि तरीही धरणात भरपूर पाणी असतं. शेतीचं आवर्तन (कालव्यातून पाळीनं सोडलेलं पाणी) सुटलं, सोलापूरसाठी नदीत पाणी सोडलं, की पातळी उतरते आणि काठ मागे सरकतो.

रोहित पाण्यात उभा राहून चरतो. त्याला त्याच्या पायांना झेपेल इतकंच खोल पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. चांगल्या पावसाच्या वर्षी फेब्रुवारीतही धरण तुडुंब असतं, मग रोहित उशिरा येतात किंवा फुगवट्याच्या दुसऱ्या टोकाला राहतात. दुष्काळी वर्षी जानेवारीतच चिखल उघडा पडतो. म्हणून मागच्या वर्षीचे फोटो बघून त्याच तारखेचं नियोजन करू नका. दोन दिवस आधी काठावरच्या कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून एवढंच विचारा: पाणी किती मागे गेलंय आणि पक्षी कोणत्या अंगाला आहेत? जो ‘या हो, सगळं आहे’ एवढंच सांगतो, त्याच्यापेक्षा ‘आज लांब आहेत, तासभर बोट लागेल’ असं सांगणारा बरा.

पाणी फारच उतरलं तर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं. ते बघायला जाणाऱ्यांची तेव्हा रीघ लागते. त्या वर्षी पक्ष्यांसाठी त्या बाजूला न गेलेलं बरं.

पोचायचं कसं? मुक्काम करावा का?

पुण्यापासून भिगवण साधारण शंभर किलोमीटर. दौंड-सोलापूर लोहमार्गावर भिगवण स्टेशन आहे, पण पहाटे पाण्यावर असायचं तर गाडीनं जाणं किंवा आदल्या दिवशी मुक्कामी जाणं हेच सोयीचं. कुंभारगावात घरगुती राहण्याची सोय होते. मुक्काम केलात तर संध्याकाळचा आणि सकाळचा असे दोन्ही उजेड मिळतात. पुण्याहून पहाटे निघणारे बहुतेक जण सूर्य वर आल्यावर पोचतात आणि मग दिवसभर ‘लाइट हार्श होता’ म्हणत बसतात.

जेवणात चिलापीचं कालवण आणि भाकरी चुकवू नका. उजनीचे मासे भिगवणच्या बाजारातून दूरवर जातात, ते जागेवर खायला मिळत असताना पनीर मागवणाऱ्यांना माझा नमस्कार.

बोट घ्यावीच लागते का?

रोहितांसाठी बहुधा हो. काठावरून शेकाट्या, तुतारी, चिखल्या, धोबी, टिटव्या, वंचक, बगळे भरपूर दिसतात, आणि नवख्या माणसानं पहिला तासभर काठावरच काढावा असं माझं मत आहे. पण मोठे थवे पाण्यात दूर असतात.

बोटी तिथल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या. पक्ष्यांची सवय, पाण्याखालची बाभळीची खोडं, वाऱ्याची वेळ हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आता तर ‘पिंटेल’, ‘ऑस्प्रे’, ‘गॉडविट’ ही नावं ते इतक्या सफाईनं घेतात की शहरातला पाहुणाच गोंधळतो.

बोलणी करताना ‘सगळे पॉइंट दाखवा’ असं म्हणू नका. वेळेवर ठरवा: दोन तास, किंवा तीन तास. पॉइंटवर ठरलं की नावाडी एका थव्याकडून दुसऱ्याकडे पळवतो, त्यालाही पुढची फेरी गाठायची असते. वेळेवर ठरलं की एका जागी थांबता येतं. इंजिन असेल तर थव्याच्या बरंच अलीकडे बंद करायला सांगा आणि पुढे वल्ह्यानं किंवा काठीनं जा. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर बोटीत बसू नका. बोटीत उभं राहायचं नाही, हेही सांगायला लागतं.

रोहितांचा फोटो काढण्यासाठी किती जवळ जाता येतं?

किती मीटर ते मी सांगणार नाही, कारण अंतर पक्षी ठरवतात. त्यांची खूण शिकून घ्या.

निवांत थवा डोकी पाण्यात घालून चरत असतो. रोहित चोच उलटी करून पाण्यात धरतो, जिभेनं पाणी आत ओढून बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या बारीक झालरीत शेवाळ, किड्यांच्या अळ्या, छोटे कवचधारी जीव अडकवतो. पाय हलवून गाळ ढवळत असतो तेही याचसाठी. पहिली सूचना म्हणजे काही माना वर येतात. दुसरी, चरणं थांबतं. तिसरी, सगळे एकाच दिशेला चालू लागतात. पहिल्या सूचनेला थांबलात तर पाच-दहा मिनिटांत माना परत खाली जातात, आणि पुष्कळदा थवाच चरत चरत तुमच्याकडे सरकतो. तिसऱ्या सूचनेपर्यंत पुढे गेलात तर पुढची पायरी उड्डाण आहे.

पण उडताना पंखांचा लाल रंग दिसतो. थवा उडवायला नावाड्याला सांगितलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि वसंतात जास्तच. पट्टकादंब आणि चक्रवाक या दिवसांत हिमालयापलीकडच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक उठवण्यात ती खर्ची पडते आणि चरण्याचा वेळ जातो तो वेगळाच. रोहितासारख्या जड पक्ष्याला हवेत उठायलाच पाण्यावरून धावत जावं लागतं. दिवसभरात बोटी किती येतात याचा विचार करा: तुमच्या बोटीनं थवा एकदाच उडवला असेल, त्याला मात्र ती सकाळपासूनची कितवी तरी वेळ असते.

लाल पंख दिसण्यासाठी उडवावं लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोहितांचे प्रणयाराधनाचे खेळ चालतात. थव्यातले कितीतरी पक्षी माना ताठ करून डोकी डावी-उजवीकडे झटक्यानं फिरवतात, मधेच पंख झटकन उघडून क्षणभर तसेच धरतात. गुलाबी पक्ष्यातून काळा-लाल पट्टा अचानक उमटतो. सगळा घोळका एकदम पावलं टाकत चालतो. उभ्या थव्याचा असा फोटो उडत्या थव्याच्या दहा फोटोंपेक्षा मला मोलाचा वाटतो, कारण त्यात पक्षी स्वतःच्या कामात असतो. शिवाय थवे जागा बदलायला आपणहून उडतातच. सकाळी ऊन वर येताना आणि संध्याकाळी कॅमेरा तयार ठेवा.

थव्यात काही राखाडी-मळकट पक्षी दिसतील. ते आजारी नसतात, लहान असतात. गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो आणि तो भरायला काही वर्षं लागतात. तेव्हा घरी आल्यावर संगणकावर प्रत्येक रोहित रंगपंचमीतून आल्यासारखा करू नका. उजनीचा रोहित बराचसा पांढरा असतो.

नवख्यानं पक्षी ओळखायला कुठून सुरुवात करावी?

रंगापासून नको. चोच, पाय आणि वागणं यांपासून.

पाणथळीतले पक्षी खोलीप्रमाणे वाटून घेतल्यासारखे उभे असतात. ओल्या चिखलावर धावून थबकणारा, गळ्यात काळी पट्टी असलेला इवलासा पक्षी म्हणजे कंठेरी चिखल्या. तिथेच शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवत फिरते ती तुतारी. घोट्याएवढ्या पाण्यात लांबच लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा शेकाट्या, आणि त्याच्याजवळ वरच्या बाजूला वळलेल्या चोचीनं पाणी डावी-उजवीकडे कापत जाणारा उचाट्या. चपट्या चमच्यासारख्या चोचीनं तसंच करणारा मोठा पांढरा पक्षी म्हणजे चमचा. बाकदार चोच गाळात खुपसतो तो शराटी. त्याहून खोल पाण्यात रोहित आणि चित्रबलाक हा करकोचा, आणि पोहण्याइतकं खोल झालं की बदकं, वारकरी (कूट), टिबुकली.

बगळ्यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. काळे पाय आणि पिवळी बोटं दिसली तर लहान बगळा, बाकी तपशील सावकाश. वसंतात मात्र रंगाकडेही बघा, कारण पुस्तकातलं हिवाळी चित्र आता जुळत नाही. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या डोक्यावर हिवाळ्यात कानामागे नुसता ठिपका असतो, मार्चमध्ये अख्खं डोकं तपकिरी होऊ लागतं. काठावर दबा धरून बसलेल्या मातकट वंचकाची पाठ विणीच्या दिवसांत गडद लालसर-तपकिरी होते. गायबगळ्याच्या डोक्यावर-मानेवर केशरी छटा येते. पिवळा धोबी खरोखर पिवळा दिसू लागतो. एकच पक्षी अर्धा जुन्या पिसांत, अर्धा नव्या पिसांत असा भेटतो आणि ओळखपुस्तिका हातात असूनही वाद रंगतात. त्यात मजा आहे.

दुर्बीण कोणती?

बोटीसाठी ८x४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहा पटीची दुर्बीण काठावर छान, पण हलत्या बोटीत थरथर दहा पटींनी मोठी दिसते. कॅमेऱ्यावर हजारो रुपये घालून दुर्बीण न घेणारे खूप भेटतात. माझ्या मते हा उलटा हिशोब आहे. आधी पक्षी नीट बघता आला, तर फोटो कशाचा घ्यायचा ते कळतं.

कॅमेरा आणि लेन्स?

१००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरेशी. बोटीत बसून झूम न होणारी मोठी लेन्स सांभाळणं जिकिरीचं असतं, आणि थवा मोठा असेल तर ६०० मिलिमीटरमध्ये मावतच नाही. जोडीला ७०-२०० असेल तर पाणी, चिखल, पलीकडचा ऊस आणि थवा असं सगळं एकत्र घेता येतं. असे फोटो कमी लोक काढतात.

तिपाई बोटीत निरुपयोगी, इंजिनची सगळी थरथर ती कॅमेऱ्यात आणते. धान्य किंवा वाळू भरलेली छोटी पिशवी बोटीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. शक्य तितकं खाली बसा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला लेन्स आली की पाणी मागे धूसर होतं आणि फोटो एकदम बदलतो. मोबाइलवाल्यांनी दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून बघावं. सराव लागतो, पण नोंदीपुरता फोटो मिळतो.

सेटिंग काय ठेवू?

शटरचा वेग उभ्या पक्ष्याला १/५०० सेकंद, बोट हलत असेल तर १/१००० पर्यंत. उडत्या रोहिताला किंवा चित्रबलाकाला १/१६०० पुरतं. सुरय (टर्न) किंवा बदक असेल तर १/२५०० तरी हवं. ॲपर्चर ५.६ ते ८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडून वरची मर्यादा घालून द्या. फोकस सतत पाठलाग करणारा, डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू.

बंड्या, म्हणजे काळा-पांढरा खंड्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो. सरावासाठी त्याच्यासारखा गुरू नाही: थांबतोही आणि अचानक सूर मारतोही.

पांढरे पक्षी फोटोत नुसते पांढरे डाग का होतात?

कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड धरतो. गडद पाणी जास्त आणि पांढरा बगळा छोटा असेल तर कॅमेरा चित्र उजळ करतो आणि पिसांतला तपशील जळतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे ०.७ ते उणे १ करा. याउलट मागे चकाकतं पाणी किंवा आकाश असेल तर पक्षी काळवंडतो, तेव्हा अधिक ०.७ पासून सुरुवात करा. जळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू ठेवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. काळवंडलेलं पीस नंतर थोडं उजळता येतं, जळलेलं परत आणता येत नाही.

सूर्य पाठीशी राहील अशा बेतानं बोट घ्यायला नावाड्याला आधीच सांगा. लांबचा वळसा पडला तरी चालेल.

लेन्स चांगली असूनही फोटो मऊ, वितळल्यासारखे येतात.

लेन्सचा दोष नाही. ऊन तापलं की पाण्या-चिखलावरची हवा थरथरू लागते, आणि दूरच्या पक्ष्याची कड त्यात विरघळते. मार्चमध्ये हे साडेनऊ-दहालाच सुरू होतं. यावर महागडी लेन्सही इलाज नाही. जवळचे पक्षी टिपा किंवा दुर्बीण घेऊन सावलीत बसा.

घरट्यांचे फोटो काढावेत का?

जवळ जाऊन अजिबात नको. वसंतातला हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे.

पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वाळू-खड्यांच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून बेटावर उतरून फोटो काढायचा आग्रह धरू नका. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागले, तर तिथून मागे फिरा.

चित्रबलाक भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तळ्यातल्या बाभळींवर घरटी करतात. एप्रिलच्या उन्हात आईबाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभे असतात. माणूस जवळ गेला म्हणून ते उठले, तर उघडी पिल्लं थोड्या वेळात तापतात, वर कावळे-घारी टपलेल्या असतातच. काठावरून, दुर्बिणीतून बघा. अंडी-घरट्यांना हानी पोचवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ड्रोन आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हे दोन्ही घरी ठेवून या.

संध्याकाळी काय बघायचं?

भोरड्या. पळस-पांगारा फुलला की या गुलाबी-काळ्या मैना फुलांवर आणि ज्वारीवर दिसतात, आणि तिन्हीसांजेला मुक्कामाच्या वेळी हजारोंनी एकत्र येऊन आकाशात आकार बदलत फिरतात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतात. जागा दर वर्षी बदलते, गावात विचारा. इथे लांब लेन्स बाजूला ठेवा, रुंद लेन्स किंवा मोबाइलचा व्हिडिओ बरा.

पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा गळ्यात पट्टा दिसला तर?

जमेल तितका स्पष्ट फोटो घ्या. रंग, अक्षरं-आकडे, कोणत्या पायात, तारीख, जागा लिहून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, त्या अशाच कुणीतरी कळवल्यामुळे झाल्या. एरवीची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ‘काहीच विशेष नव्हतं’ अशा दिवसाचीसुद्धा.

पाणी एवढं हिरवं का?

पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथे येतं. त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. फोटोत हिरवं प्रतिबिंब देखणं येतं हे खरं, पण त्या पाण्यानं तोंड धुवू नका.

मुलांना आणावं का?

आणा, पण तीन तास बोटीत बसवू नका. काठावर एक तास, बोटीत एक तास, मग खायला. हातात कॅमेरा न देता वही द्या. टोपी, पाणी हवंच. कपडे मातकट रंगाचे, पांढरे आणि भडक लाल टाळा.

उजनी जमली नाही तर जवळ दुसरं काय?

नाशिककरांना आणि मुंबईकरांना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर सोयीचं. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेलं हे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे मनोरे आहेत, पायी फिरता येतं, आणि जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे उजनीपेक्षा जवळून दिसतात. मराठवाड्यातल्यांसाठी पैठणचा नाथसागर. ठाण्याच्या खाडीत छोटे रोहित मोठ्या संख्येनं असतात, पण तिथलं गणित धरणाच्या पातळीवर नाही, भरती-ओहोटीवर चालतं. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघून घ्या.